माझी पुस्तके वीरेंद्रला

मृत्युपत्र लिहून ठेवणार: श्रीमती विनता मुरलीधर मेश्राम, वय ७३, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, राहणार मदन महल, जबलपूर.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे, चष्मा लावून वाचता येते, आणि हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणाच्या सांगण्यावरून मी साधी भाजीसुद्धा कधी केली नाही. काळीज शाबूत असावे अशी अट मात्र कायद्यात नाही, असे हर्षा वासनिक वकिलांनी सांगितले, म्हणून लिहायला बसले. माझी मुलगी सुखदा तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. तेव्हापासून मी मोडून पडले आहे, आणि पुढचे सगळे एका मोडलेल्या बाईने लिहिले आहे हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

कलम १. मदन महल येथील राहते घर मी आणि माझे दिवंगत पती मुरलीधर यांनी आमच्या पगारातून बांधले. त्यात वडिलोपार्जित असे काही नाही, तेव्हा कोणी काका-पुतण्याने हक्क सांगू नये. हे घर मी माझी नात प्रणोती, सुखदाची मुलगी, हिला देत आहे. ती अठरा वर्षांची होईपर्यंत घराची व्यवस्था हर्षा पाहतील. प्रणोतीचे वडील वीरेंद्र यांना या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. पिऊन आल्यास त्यांनी ओट्यावर झोपावे. पांघरूण आतून मिळेल.

माझा मुलगा अतुल याला हे कलम मान्य नाही. तो पुण्यात असतो, आणि आपल्या आईचे मराठी हिंदीसारखे वाटते, असे त्याने मला त्याच्या मित्रांसमोर हसत सांगितले होते. ते मी विसरलेले नाही. पण या घराचे कळल्यावर फोनवर म्हणाला, "दीदी त्या माणसामुळं अशी गेली, अन् तू त्यालेच घरात घेऊन राहिली?" पुण्यात सुधारलेली त्याची भाषा गुस्स्यात परत जबलपूरची झाली. मला ते ऐकून बरे वाटले, आणि रडूही आले, कारण बहिणीवरचे त्याचे प्रेम खरे आहे. त्याचा गुस्साही खरा आहे. पण त्याला सगळे माहीत नाही.

कलम २. बँकेतली सर्व रक्कम अतुलची. मुरलीधरांची हत्यारे, म्हणजे कानस, पाने, हातोडी, त्यांचे कारखान्यातले सोबती टिकाराम यांना द्यायची होती. पण टिकाराम या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात. म्हणून ती मी गेल्या आठवड्यातच त्यांच्या हाती दिली. दुसऱ्या साक्षीदार शैलजा यांच्याकडे माझी बरीच पुस्तके वर्षानुवर्षे पडून आहेत. त्यांनाही काही देता येत नाही, तेव्हा ती त्यांनी मुकाट्याने परत करावीत.

कलम ३. पुस्तके. तीन कपाटे भरून आहेत. यातली निम्मी गेल्या दहा-बारा वर्षांतली, नागपूर-पुण्याहून मागवलेली. आताचे लेखक खोटी माणसे उभी करत नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माझ्या तरुणपणीच्या पुस्तकांत माणूस गरीब असला की तो सोन्यासारखा असायचा, आणि ते वाचून मी आमच्या वस्तीकडे बघायचे तेव्हा मला आमचीच लाज वाटायची. आम्ही गरीब होतो, पण खोटेही बोलायचो, भांडायचो, एकमेकांच्या वाईटावरही असायचो. आता एका कादंबरीत कंडक्टर आहे, साथीच्या दिवसांत आजारी बायकोला टाकून पळतो. दुसरीत एक बहीण आहे, धाकटीला मिळालेली जागा लाटून स्वतः नर्सिंगला जाते आणि तरी जन्मभर रुग्णांची मनापासून सेवा करते. तिसरीत धरणात गाव जाते, आणि गावचा पुढारीच साहेबांना फितूर होतो. बरगीच्या धरणात ज्यांची गावे गेली ती माणसे आमच्या बुद्धविहारात येतात, म्हणून ती कादंबरी मी ओळीवर बोट ठेवून वाचली. पुढाऱ्याला शेवटी कोणी मारत नाही. तो म्हातारा होतो, आणि पाण्याकडे पाठ करून बसतो.

माझी तक्रार एवढीच की आताचे लेखक दुःख घालताना हात आवरत नाहीत. एक संपले की दुसरे. रडायलाही उसंत देत नाहीत. सुखदाला हे पटायचे नाही. ती म्हणायची, "आई, दुःख काय मोजून येते काय? आपल्याकडं कुठं मोजून येऊन राहिलं?" आम्ही दोघी एकच पुस्तक वाचायचो आणि फोनवर भांडायचो. ती प्रत्येक लबाडाची बाजू घ्यायची. कंडक्टरचीसुद्धा. मी म्हणायचे, तू नालायकांची वकील आहेस. ती हसून म्हणायची, घरीच केस चालू आहे ना.

ती केस म्हणजे वीरेंद्र. पनागरच्या हिंदी घरातला, भाजीची गाडी चालवणारा, सुखदाने स्वतः निवडलेला. तासाभरात येतो म्हणून जायचा आणि मित्रांबरोबर बरगीला मासे खाऊन दोन दिवसांनी उगवायचा. प्यायचा, खोटे बोलायचा, मग लहान पोरासारखा रडायचा. कादंबरीत असता तर शंभर पानांत मला तो समजला असता. पण तो माझ्या मुलीच्या घरात होता.

सुखदा शेवटी महिनाभर दवाखान्यात होती. डोळ्यांत वाचण्याचे बळ नव्हते. रात्री तिच्यापाशी वीरेंद्र असायचा, आणि तो तिला मराठी कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याला मराठी येत नाही. अक्षरे तीच, म्हणून वाचता येते, इतकेच. 'ळ' त्याच्या तोंडात बसत नाही. डोळ्यांना डोले म्हणायचा, बाळाला बाल. कुठे थांबावे, कुठे आवाज उतरवावा हे कळत नसल्यामुळे पुस्तकातले मरणही टमाटरच्या भावासारखे वाचायचा. सुखदा सकाळी मला हे सांगून इतकी हसायची की तिला धाप लागायची. याच माणसाला एकदा तोंडाला वास येतो म्हणून नर्सने वॉर्डबाहेर काढले होते. तो उजाडेपर्यंत जिन्यात बसून राहिला.

मग तो शेवटचा दिवस. मी सकाळी पोहोचले तेव्हा वीरेंद्र नव्हता. पहाटेच उठून निघून गेला, असे नर्स म्हणाली. सुखदा दाराकडे बघत होती. मला दोनदा विचारले, ते आले काय. दुपारी ती गेली. संध्याकाळी लोकांनी त्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावरून उचलून आणले, उभे राहण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याने सुखदाला हातही लावला नाही. त्यानंतर तीन वर्षे मी त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. प्रणोती रविवारी एकटी आत यायची, तो रस्त्यावर उभा राहायचा.

या उन्हाळ्यात एका रविवारी तो दारापर्यंत आला. दवाखान्यात वाचत होता ते पुस्तक परत करायला. पुस्तक दिले आणि गेला नाही. म्हणाला, "आई जी, एक बात पूछनी थी. उसको मुझसे लगाव नहीं था, ये आपको पहले से मालूम था क्या?"

मला वाटले पिऊन आला आहे. आला नव्हता. त्याने सांगितले, त्या पहाटे त्याने पुस्तक मिटले तेव्हा सुखदाने त्याचे मनगट धरले आणि मराठीत म्हणाली, "माझा तुमच्यावर राग नाही." ती त्याच्याशी नेहमी हिंदीत बोलायची. इतके दिवस वाचतो आहे म्हणजे त्याला कळते, असे तिला वाटू लागले असावे. ते वाक्य त्याने मला जसेच्या तसे म्हणून दाखवले.

आमच्या घरात राग कोणी म्हणत नाही. आम्ही 'गुस्सा'च म्हणतो. काहून गुस्सा करून राहिली, असे. राग हा शब्द सुखदाने पुस्तकांतून उचलला होता. आणि वीरेंद्रला तो शब्द एकाच ठिकाणी भेटला होता. ती त्याला दर पौर्णिमेला विहारात न्यायची, तिथे भंतेजी हिंदीतून समजावतात: राग, द्वेष, मोह. राग म्हणजे लगाव, आसक्ती. मरताना बायको आपल्याला सांगते की माझे तुमच्यावर प्रेम नाही, असे समजून तो त्या पहाटे उठून गेला.

मी म्हटले, वीरेंद्र, मराठीत राग म्हणजे गुस्सा. तिचा तुमच्यावर गुस्सा नव्हता. ती दाराकडे बघत होती तेही सांगितले. एखाद्या लेखकाने ते लपवले असते, मला जमले नाही. तो तिथेच खाली बसला. प्रणोती आतून आली होती. तिला मराठी पूर्ण कळते, बोलते मात्र हिंदीत. ती बापाकडे बघत हळूच म्हणाली, "पापा, मुझसे पूछ लेते."

तीन वर्षे एका घरात राहून त्याने पोरीला हे विचारले नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असे त्याला वाटत होते. याहून दुःखाचे काही मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही, आणि मी पुष्कळ वाचले आहे.

म्हणून माझी सर्व पुस्तके मी वीरेंद्रला देत आहे. अतुलने ती वाचनालयाला देऊ नयेत. वीरेंद्रने मोठ्याने वाचावे आणि प्रणोतीने शेजारी बसून अर्थ सांगावा. दोघे मिळून एक वाचक होईल.

कलम ४. माझा देह मेडिकल कॉलेजला द्यावा. जेवणावळ घालू नये.

कलम ५. कचेरीसाठी हर्षांनी या कागदाचे हिंदी भाषांतर करून जोडावे. तेच वीरेंद्रला वाचून दाखवावे. भाषांतरात घर, रक्कम, हक्क यांचे काय करायचे ते करावे, पण खाली येणाऱ्या एका शब्दाला हात लावू नये. सुखदाने त्याला माफ केले असेल. ती दाराकडे कशी बघत होती ते तिला दिसले नाही, मला दिसले. मला तसे मोठे मन नाही. आणि तरीही रविवारी ओट्यावर त्याची पावले वाजली नाहीत तर आता माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही. म्हणून मी असे लिहून ठेवते की माझा वीरेंद्रवर राग आहे. हा शब्द तसाच ठेवावा. तो त्याने त्याच्या भाषेत वाचावा किंवा माझ्या, दोन्हीकडे खरा आहे.

सही: विनता मुरलीधर मेश्राम

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही:
१. टिकाराम रामटेके
२. शैलजा खोब्रागडे

जबलपूर, १७ ऑगस्ट २०२५