शेवटच्या दारावरचा डाग

४ ऑक्टोबर
पडद्यावर ज्यांचं नाव कधीच झळकत नाही, अशा माझ्या भावाबहिणींनो! बघा, रोजनिशी लिहायला बसले तरी भाषणच सुरू होतं. पण त्यात खोटं काय? रिळं पुसायची आपण, टाळ्या घ्यायच्या दुसऱ्यांनी. असो, आज मी खुशीत आहे. नवी नोकरी. चित्रपटगृहाच्या माडीवर लख्ख खोली, खालून उजेड येणारं काचेचं टेबल. इथे दर हॅलोविनला, ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला, एक जुना, छोटा कार्टूनपट दाखवतात. तो साफ करायचाय. ऑपरेटरकाकांनी विचारलं, बाई, रीळ पुसायला आलात की क्रांती करायला? मी म्हटलं, दोन्ही.

७ ऑक्टोबर
शाळा सुटली की सोनी माझ्याशेजारी येऊन बसते. लेकीला चित्रपट पाठ झालाय. भूत म्हणून चादर पांघरलेलं एक पोर दारोदार खाऊ मागतं. सगळी दारं उघडतात, शेवटचं तेवढं नाही. पोर पायरीवर बसतं, संपलं. एवढ्यासाठी लोक आधी मुलांना आणि मग नातवंडांना घेऊन येतात! काका म्हणतात, प्रत्येकाला वाटतं, यंदा तरी उघडेल. त्या दारावर प्रत्येक चित्रात काळा डाग आहे, कुणीतरी हाताने फासलेला. काय हा गलथानपणा! उद्यापासून काढते.

१५ ऑक्टोबर
डाग गेले. त्यांच्याखाली दार किंचित किलकिलं निघालं. चित्रकाराने तसंच काढलं असणार. सोनी म्हणाली, आई, त्या दाराआतली बाई मला हाक मारते. मी हसून म्हटलं, तिला सांग, आधी गृहपाठ.

१९ ऑक्टोबर
दार अर्धं उघडलंय. मी एक रेघही काढलेली नाही. काकांना दाखवलं, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. डाग माझ्याआधी इथे रिळं पुसणाऱ्या बाईंनी मुद्दाम फासले होते, एकेका चित्रावर. दार उघडतंय, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. कामगार बाईचं कोण ऐकतो? आणि मी, एवढी गळा काढणारी, मीच तिचं काम पुसून—

२३ ऑक्टोबर
सोनी नाही. दप्तर खुर्चीवर आहे, ती नाही. रीळ चालवून पाहिलं: पडद्यावर, त्या उंबऱ्याच्या आत, दुसरी चादर. चादरीखाली सोनीचे लाल बूट. सकाळी मीच नाडी बांधली होती—

२४ ऑक्टोबर
काळा रंग आणला. ब्रश टेकवणार— पण दार मिटलं तर ती आतच— नाही. हात होत नाही.

२८ ऑक्टोबर
पोलीस शोधतायत बाहेर. मालकांना म्हटलं, खेळ रद्द करा. ते म्हणाले, वेड लागलंय तुम्हाला. चित्रातलं उघडं दार पाहून त्यांनी जाहिरातच दिलीये: यंदा दार उघडणार. सगळी तिकिटं संपली.

३१ ऑक्टोबर
मालकांनी मला माडीवर कोंडलंय. ही पानं खिडकीतून फेकतेय. खाली रांग लागलीये, चादरी पांघरलेली पोरं—

रीळ नेण्याआधी मी पाहिलं: चित्रातलं दार सताड उघडं. बाईचा हात सोनीच्या खांद्यावर. दुसरा हात बाहेर, आपल्याकडे—

भावाबहिणींनो, रीळ जाळू नका, माझी पोर आहे त्यात. फक्त आजचा खेळ होऊ देऊ नका. हातातलं काम टाका, तिकीटखिडकीसमोर आडवे पडा, एकाही लेकराला आत—