सासूबाईंचा सूर्य

सोमवार, ३ मार्च
कॉम्प्युटर बसला! सासूबाईंनी कुरिअरची म्हणून आलेली फाइल उघडली आणि व्हायरस शिरला. मी आधी नेटची वायर उपटली. नवरा म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकू, तासाभराचं काम. सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "माझा सूर्य आहे त्यात," एवढंच म्हणाल्या.

मंगळवार, ४ मार्च
आज नीट विचारलं. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी संपल्यापासून रोज सकाळी गच्चीवर दुर्बिणीतून पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडतात, त्यावरचे काळे डाग कागदावर उतरवतात, स्कॅन करतात. एकोणीस वर्षं! चार वर्षं या घरात राहून मी याला विरंगुळा समजत होते. मूळ कागद वरच्या मजल्याच्या गळतीत लगदा होऊन गेले. म्हणजे आहे ते एवढंच. नवऱ्याला बजावलं — हात लावायचा नाही.

बुधवार, ५ मार्च
रिपेअरवाली बाई मोजकं बोलणारी. आमचा कॉम्प्युटर सुरूच केला नाही. डिस्क बाहेर काढून आपल्या वेगळ्या, नेट नसलेल्या मशीनला जोडली. फक्त चित्रं आणि नोंदी घेणार; प्रोग्राम एकही नाही, व्हायरस तिथेच दबा धरून असतो म्हणे. सासूबाई स्टुलावर ताठ बसून. पाण्याचा घोटही घेतला नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सहा हजार दोनशे चौदा चित्रं. सगळी हाती लागली! दोनदा तपासून दोन नव्या डिस्कवर उतरवली.
उघडतात का ते पाहायला बाईने ती ओळीने पळवली — आणि सूर्य फिरायला लागला. डाग एका कडेला उगवत, सरकत, दुसऱ्या कडेला मावळत. वाढत गेले, दाटले, पार नाहीसे झाले, काही वर्षांनी पुन्हा फुटले. हे सासूबाईंच्या हातांनी टिपलं? आमचा नाश्ता झाल्यावर, गाजावाजा न करता?
बाई उठून उभी राहिली. "आजी, परत एकदा लावू?"
सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनीही तो असा फिरताना कधी पाहिला नव्हता.

शनिवार, ८ मार्च
जुनी डिस्क साफ पुसली, सगळं नव्याने टाकलं. चित्रं परत घरी.

रविवार, ९ मार्च
सकाळी गच्चीवर सासूबाईंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "मला आता डाग दिसत नाहीत गं. महिना झाला."
मी पुठ्ठ्यावर वाकले. पाच मोजले. एकेक करून कागदावर काढले.