बशीत फोडलेली कॅप्सूल

सोमवार, १६ सप्टेंबर २०२४
सकाळी दहा

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझे यजमान, दोघांचीही कुरकुर आटोक्यात असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे. आता मुद्दा.

मंगळवार, ३ सप्टेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच बशीत, तू माझ्या औषधाची कॅप्सूल फोडलीस. दिवस, वेळ आणि जागा तक्रारीच्या पहिल्या ओळीत लिहायची, हे आपल्याला कॉन्व्हेंटच्या मदरनी शिकवलं. तेव्हाही माझ्या बहुतेक तक्रारी तुझ्याविरुद्धच असायच्या.

मी चहा गाळायला पाठ वळवली होती. तेवढ्यात तू बाटली उघडलीस, कॅप्सूल दोन्ही टोकांना धरून ओढलीस, आतली पांढरी भुकटी बशीत पाडलीस आणि बोट लावून चाटलंस. तुमच्या औषधखान्यातल्या त्या जुन्या मुख्य फार्मासिस्टने लावलेली ही सवय, मला माहीत आहे. पण एकतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्त होऊनही आठ झाली, तरी तुझी जीभ अजून कामावरच आहे. वर निकाल सांगावा तशी म्हणालीस, "ताई, ही साखर आहे. तुला खोट्या औषधाच्या गटात टाकलंय. उगीच हेलपाटे घालू नकोस."

त्यावर मी जे बोलले त्यातलं "चालती हो" एवढंच इथे लिहिण्यासारखं आहे. बाकीचं तुला पाठ असेल.

तुला आधीही सांगितलं होतं, पुन्हा सांगते. ही विसरण्याच्या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे. अर्ध्या लोकांना खरं औषध मिळतं, अर्ध्यांना तसंच दिसणारं खोटं. कुणाला कोणतं, हे आम्हाला माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. मी बावीस पानं वाचून सही केली आहे. पान अकरावर एक चूक होती, तीही दाखवून दिली.

तुझ्या निकालानंतरचे दहा दिवस कसे गेले ते ऐक. रोज सकाळी मी कॅप्सूल घेत होते, पण तुझं ते चाटलेलं बोट डोळ्यांपुढे ठेवून. बुधवारी दूध दोनदा आणलं. शनिवारी शब्दकोड्यातला चार अक्षरी शब्द सुचेना, तर पेन खाली ठेवून रडले. दूध मी चाळिशीतही दोनदा आणत होते, बारके. तेव्हा हसून दही लावायचे. आता प्रत्येक वेळी वाटायचं, झालं, ही साखर, आपल्याला आता कशाचाच आधार नाही.

शिवाय दुसरी धास्ती. दर तपासणीला बाटली परत न्यावी लागते आणि उरलेल्या कॅप्सूल तिथे मोजतात. एक कमी भरणार होती. ती बेसिनमध्ये पडून वाहून गेली, असं सांगायचं मी ठरवलं होतं. आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिलं. शुक्रवारी चाचणीच्या समन्वयक बाईंनी कॅप्सूल मोजल्या, वर पाहिलं, आणि माझ्या तोंडून बशीपासून बोटापर्यंत सगळं बाहेर पडलं. म्हटलं, काढायचं तर काढा, पण खोटं बोलून राहणार नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "बहीण काय करते तुमची?"

"इस्पितळाच्या औषधखान्यात होती."

"तरीच. बाकीचे नातेवाईक नुसती कटकट करतात. फोडाफोडी औषधवालेच करतात."

मग त्यांनी मला समजावलं. दोन्ही प्रकारच्या कॅप्सूल दिसायला आणि चवीलाही मुद्दाम सारख्या केलेल्या आहेत. गोड लागली यातून काहीही सिद्ध होत नाही. "एका कॅप्सूलसाठी तुम्हाला कुणी काढत नाही. मी नोंद करते. यापुढे बाटली कपाटात ठेवा, आणि ताई आल्या की त्यांना बैठकीच्या खोलीत बसवा."

"ताई मी आहे," मी म्हटलं. "ती धाकटी. तिला कुठेही बसवलं तरी ती उठते."

त्याच दिवशी स्मरणशक्तीची परीक्षा झाली. गुण सहा महिन्यांपूर्वी होते तेवढेच. एकही कमी नाही. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून सलग दोन ग्लास पाणी प्यायले आणि काही कारण नसताना शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "तेवढेच आहेत." त्या म्हणाल्या, "वा." येताना एक थांबा आधीच उतरून चालत आले. घेते ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसणं इतकं सुखाचं असतं हे तू बोट घालेपर्यंत कळलं नव्हतं. रविवारी दोनदा दूध आणलं. दही लावलं.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण समन्वयक बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती लिहायचं टाळायला मी सकाळपासून भांडी घासत होते.

या चाचणीत प्रत्येकाबरोबर एक जोडीदार लागतो. आपल्याला नीट ओळखणारं, आठवड्यातून एकदा तरी भेटणारं माणूस. दर तीन महिन्यांनी त्याला वेगळ्या खोलीत बसवून विचारतात : ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते का? वस्तू हरवते का? चिडते का? आतापर्यंत शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई यायच्या. त्या महिनाअखेर मुलीकडे कायमच्या जात आहेत. शिवाय त्या फार मायाळू. माझ्याबद्दल सगळं छानच सांगतात, आणि छान सांगून तिथे काही उपयोग नसतो. जोडीदार नसेल तर मला थांबवावं लागेल.

मी लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून चाचणीत गेले, असं तुला सांगितलं होतं. ते अर्धं खरं. गेल्या वर्षी जुलैत, भर दुपारी, मी आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे ते कळेना. कोपऱ्यावरच्या चाव्या करणाऱ्या काकांनी स्टूल दिलं. विचारलं, "घरच्या कुणाला फोन लावू?" टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत माझ्या बोटांवर सहाशे नंबर होते. अग्निशमन दलाचा आठवला, जुन्या टपाल कचेरीचा आठवला. तुझा आठवेना. तुझं नाव, तुझा चेहरा, तुझा गुडघा, सगळं होतं. नंबर नव्हता. वीस मिनिटांनी गल्ली ओळखीची झाली आणि मी घरी आले. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझा नंबर आता पर्समध्ये कागदावर आहे.

मला घाबरायला झालं होतं, बारके. म्हणून गेले.

तर जोडीदार म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. तुला न विचारता. होय, हाही गुन्हाच आहे, त्याची वेळ शुक्रवारी सकाळी साडेअकरा. तू तोंडावर खरं बोलतेस, पाहुण्यांसमोरही बोलतेस, माझी चूक दिसली की तुला गप्प बसवत नाही. आयुष्यभर मी त्यावरून तुझ्याशी भांडले. तिथे त्यांना नेमकं असंच माणूस हवं आहे. मी चिडते का, या प्रश्नाला तुला एक पान पुरणार नाही, जादा कागद मागून घे. आणि एखाद्या दिवशी मी खरंच उतरणीला लागले, तर ते मला तुझ्याकडून कळू दे. परक्याकडून नको.

सोबत फॉर्म जोडला आहे. पुढची तपासणी सोमवारी, ३० सप्टेंबरला. फॉर्म त्याआधी पोचला पाहिजे, म्हणून तुझं उत्तर मला शुक्रवार, २७ सप्टेंबर, दुपारी चार वाजायच्या आत लेखी हवं, सहीसकट. फोन चालणार नाही, फोनवर तू रुसलीस की नुसता घसा साफ करतेस. नकार असेल तर तोही लेखी आणि कारणासह. "वेळ नाही" हे कारण धरलं जाणार नाही. स्वतः आणून दिलंस तर चहा मिळेल.

तुझी,
अजून रागावलेली आणि शुक्रवारची वाट पाहणारी,
ताई