बाबांचं मत

गिरणीवरून, २८ एप्रिल १८६१

चि. सायलसला हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाच पानी पत्र बाबांना वाचून दाखवता दाखवता माझी मक्याची भाकरी करपली. व्हर्जिनियाने संघराज्यातून फुटायचं ठरवलं काय, आणि तुम्हा बापलेकांच्या अंगात आलं काय! तू लिहितोस, राजीखुशीने आलो, राजीखुशीने जाऊ, राज्याचा तो हक्कच आहे. बाबा म्हणतात, बंधारा सगळ्यांनी मिळून बांधला. एकाने आपले दगड उपटून नेले तर पाणी सगळ्यांच्याच घरात शिरणार. हे मला तीनदा लिहायला लावलं. स्वतः लिहीत नाहीत, तुझ्याशी अबोला आहे म्हणे! मी काय तुमची निरोप्या आहे?

आणि माझंही ऐक. पाच पानांत हक्क हा शब्द एकोणीस वेळा आला, कसला हक्क ते एकदाही नाही. माणसं गुलाम म्हणून ठेवायचा, एवढं लिहायला शाई संपली होती का रे?

असो. २३ मेला कचेरीसमोर फुटायच्या ठरावावर लोकांचा कौल आहे. शेरीफ नाव पुकारणार आणि चारचौघांत मोठ्याने मत सांगायचं, आपली नेहमीची रीत. बाबा विरोधात बोलणार हे गावभर झालंय. विरोधकाची गिरणी पेटवू, असं गावच्या नव्या पलटणीतली पोरं तोंडावर सांगतात. घरी बसा म्हटलं तर बाबा म्हणतात, हा ओबेड थॉर्नबरी आजवर एकाही मतदानाला घरी बसलेला नाही. डोकं आपटायची वेळ आलीय. काय करू ते कळव.

तुझी वैतागलेली,
ताई

रिचमंड, ७ मे १८६१

ती. ताईस सायलसचा साष्टांग नमस्कार.

शाईचा टोमणा लागला. उत्तर सुचत नाही, म्हणून देत नाही. बाबांना मात्र विचार, कधीच निघायचं नाही असं संघराज्याच्या करारात कुठे लिहिलंय? दाखवा म्हणावं!

पण ताई, वाद गेला खड्ड्यात. इथली माणसं पिसाळली आहेत, तिथलीही पिसाळतील. बाबांना फुटण्याच्या बाजूने एक शब्द बोलायला लाव. वेळ पडली तर त्यांच्या पाया पड, माझ्याही वतीने पड. भांडायला जन्म पडलाय.

तुझ्या मायेचा भुकेला,
सायलस

गिरणीवरून, २५ मे १८६१

चि. सायलसला अनेक आशीर्वाद.

पाया पडले. रडले. बाबा कोट घालून निघाले, मी मागोमाग.

शेरीफने नाव पुकारलं. गिरणी चालू असताना रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा आपला बाप असं काही पुटपुटला, की शेरीफने पुन्हा विचारलं, नीट सांगा म्हणाला. तेव्हा बाबा म्हणाले, बाजूने. पोरांनी टोप्या उडवल्या. ज्यांनी धमकावलं तेच हात मिळवायला धावले, मेले! बाबांनी प्रत्येकाशी हात मिळवला.

गिरणी शाबूत आहे. काल सकाळी दळणही झालं. पण बाबा बोलत नाहीत रे. जेवायला वाढलं तर जेवतात. त्यांना चिडवावं म्हणून जेवताना मुद्दाम तुझी पाचही पानं काढली आणि मोठ्याने वाचली. वाटलं, आता ताट सरकवतील, टेबलावर मूठ आपटतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सायलसचं बरोबर असेल.

सायलस, त्या माणसाने आजवर तुझं एक वाक्य खपवून घेतलेलं नाही. मीच पाया पडले होते, आता कुठल्या तोंडाने बोलू? तू रजा काढ आणि ये. त्यांच्याशी भांड. ते तुला खोटं पाडेपर्यंत परत जाऊ नकोस.

माया आहेच, पण तू आधी ये.

ताई