तीन आठवड्यांत बसणारी नळी

महबूला, कुवेत
मंगळवार

ती. राजाभाऊमामा यांच्या चरणी,

महबूल्याहून भाचा देवेंद्र याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबरेत उसण भरली, तेव्हा नमस्कार खरा आहे असं समजावं.) इकडे सुखदा आणि अंतरा मजेत. लेकीला मी मराठीत हाक मारतो, ती इंग्रजीत ओ देते, आणि आमचं चाललंय. तुमच्या पोटाचं आता कसं आहे? दुर्बिणीच्या तपासाचे फोटो शामलामामींनी पाठवले होते, ते मी नीट पाहिले. ॲसिडिटी आहे, दुसरं काही नाही. तिखट कमी करा. आणि झोपाळ्याचं कुठवर आलं? वखारवाला जुनं सागवान पुढच्या वर्षी देतो म्हणालाय ना, मग थांबा की. झोपाळा काही रोज रोज होत नाही, घाई कशाला?

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन केला की मामी स्पीकर लावतात आणि शेजारच्या वीणाताईसुद्धा उत्तरं देऊ लागतात. आमच्या दवाखान्यातल्या द्वारकासिस्टर साताऱ्याला रजेवर निघाल्यात, त्यांच्या हाती हे देतोय. शिवाय विषय तुमच्या आवडीचा आहे. तुम्ही तीस वर्षं सरकारी कारखान्यात रायफलच्या नळ्या कोरल्यात, आणि मी, ज्याला जत्रेत कधी फुगासुद्धा फोडता आला नाही, यंदा एका माणसासाठी रायफलची नळी निवडली. आधी हसून घ्या, मग पुढचं वाचा.

माणूस म्हणजे अबू फहद, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार जहरा. वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला येत, त्यामुळे म्हाताऱ्याला मोडकीतोडकी हिंदी येई आणि आपल्या लोकांवर त्याचा जीव. तरुणपणी नेमबाजीत त्याने कपाटभर पेले मिळवलेले. जानेवारीत त्याच्या पोटात दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टरांच्या शेजारी, त्यांचा तंत्रज्ञ म्हणून, मीच उभा होतो. जे दिसलं ते वाईट होतं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, चार महिने, फार तर पाच. मुलाने, म्हणजे फहदने, आम्हा सगळ्यांना बजावलं की बाबांना 'जखम आहे, औषधाने भरेल' एवढंच सांगायचं. फहद आमच्या दवाखान्याचा भागीदार. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या सहीवर चालतो. तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं. (असं कुलूप लावण्यात मी किती तरबेज आहे ते तुम्हांला शेवटी कळेल.)

औषध घेत गप्प पडून राहील तर तो अबू फहद कसला! त्याने वडिलांची जुनी रायफल कपाटातून काढली, एका वेळी एकच गोळी भरायची ती. नळी आतून झिजलेली, गोळी बसते तिथला, गोळीला गिरकी देणारा खाचांचा पीळ पार गुळगुळीत. नवी नळी बसवून पुन्हा नेम धरायचा असं त्याने ठरवलं. नळीच्या आत बघायची बारीक दुर्बीणही विकत आणली, फक्त तिच्यातून बघणारा जाणकार हवा होता. मुलाला म्हणाला, तो दवाखान्यातला देवेंद्र आण, तो दिवसभर नळ्यांतच बघत असतो. मामा, माझ्या बारा वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन सुखदालाही जमलेलं नाही.

शुक्रवारी गाडी आली आणि मला जहऱ्याला घेऊन गेली. त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, दहा-बारा म्हातारे लोडांना टेकून बसलेले आणि मधल्या मेजावर टॉवेलात एक नळी. ती शहरातल्या बंदूकवाल्याकडे तयार पडलेली होती. जाडी बेताची, आणि दुर्बीण घातल्यावर पिळाच्या खाचांत हत्याराचे आडवे ओरखडे स्पष्ट दिसले. दुसरी अजून कागदावरच. जर्मनीतल्या एका कारागिराकडून मागवायची, आतून हाताने घासलेली, बाहेरून जाडजूड, गोळीला हवा तेवढाच पीळ. पहिली तीन आठवड्यांत बसणार होती. दुसरीला परवाने धरून दहा महिने. बैठकीतल्या एकूण एक म्हाताऱ्याने जर्मनीची बाजू घेतली. एकाने तर बारीक नळी तापली की गोळी कशी भरकटते यावर पाऊण तास घेतला. फहद सगळ्यांच्या पुढे. बाबा, उत्तम तीच घ्या, वेळ आहे आपल्याला, असं तो तीनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला.

मग म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. काय म्हणायचं ते मला पाठ होतं. पण ते जर्मनीचं पार्सल येईल तेव्हा ते उघडायला कोण असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि मी म्हणून गेलो, ही तयार आहे ती घ्या. ओरखड्यांचं काय, असं त्या पाऊण तासवाल्याने विचारलं. चालतील, म्हटलं. फहद माझ्याकडे बघतच राहिला. म्हाताऱ्याने कॉफीची छोटी वाटी दोनदा हलवून परत दिली (आता पुरे, असं सांगायची इथली रीत) आणि विचारलं, "तीन हफ्ता? पक्का?" मी मान हलवली. "तो यही," तो म्हणाला. दुसरं काहीच विचारलं नाही. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे सगळ्या बैठकीला कळलं. परतीच्या तासाभरात मी महबूल्यातला अख्खा संसार मनातल्या मनात खोक्यांत भरून टाकला.

नोकरी गेली नाही. नळी वेळेवर बसली. म्हातारा नऊ वेळा मैदानावर गेला, शेवटी शेवटी दोघांनी धरून बसवावं लागे. एकदा पाचपैकी चार गोळ्या निशाण्याच्या काळ्या वर्तुळात आणि पाचवी शेजाऱ्याच्या निशाण्यावर, त्यावर इतका हसला की खोकल्याने बेजार झाला. मे महिन्यात गेला. नंतर फहद दवाखान्यात आला, तो चार भोकांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, मी सांगायला हवं होतं, ते तू सांगितलंस. मी कुठे काय सांगितलं होतं हो? नुसती नळी निवडली. कागद आमच्या फ्रीजवर लावलाय. अंतराने विचारलं, "हू वन, बाबा?" मला रडू आलं, ते मी फ्रीज उघडून त्यात डोकं घालून उरकलं.

मामींना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

तुमचा,
देवेंद्र

ता. क. दिवाळीचं तिकीट रद्द करून येत्या शुक्रवारचं काढलंय. रजा शिल्लक होती, वाया गेली असती. महिनाभर राहीन. वर तिखटाचं लिहिलंय ते सोडून द्या, हवं ते खा.

पुन्हा ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. झोपाळ्यासाठी सागवानाची वाट बघू नका. वखारीत आज जे लाकूड असेल ते घ्या, आंब्याचं, गाठीचं, कसलंही. शनिवारी कड्या मी लावतो.