सपनाताईच्या छातीशी

१२ सप्टेंबर

आजही नाही! बाळाला छातीशी धरलं, ओठांना लावलं. जीभ जराशी हलवली आणि झोपून गेलं. मग पुन्हा नळीनेच दूध. मोहिनी सिस्टर म्हणाल्या, "घाई नोको करू. चोखणं, गिळणं, श्वास घेणं, सारं संगं जमलं पायजे त्याले. लवकर आलं न ते." तोंडाने पिऊ लागेपर्यंत घरी सोडणार नाहीत.

१३ सप्टेंबर

सपनाताई — माझी मोठी जाऊ — रोज सेलूहून एसटीने येते. मला ताप होता तेव्हा ऊब द्यायला बाळाला उघड्या छातीशी तिनेच घेतलं. आता ताप गेला, तरी ते तिच्याकडेच शांत. तिची करंगळी कशी चोखतं! "पाह्य वं प्रेरणा, कसा ओढून राह्यला, पहेलवान!" मी हसले. दात आवळून.

तिची मुलगी सहा महिन्यांची, घरी सासूबाईंकडे. तिच्याकडे सगळंच भरपूर — दूध, धीर, अनुभव. माझा नवरा निकेश म्हणतो, "वहिनी नसती तं काय केलं असतं आपण?" तोही तिच्याच बाजूचा!

१४ सप्टेंबर

तिने आणलेला डबा न उघडता परत दिला. वाईट वागले. माहीत आहे.

१६ सप्टेंबर

बाथरूममधून आले तर सिस्टरनी वास घेतला. "काय लावून आली वं?" सांगितलं — दर वेळी छाती साबणाने घासते, दोनदा. आईने लहानपणापासून बजावलंय, स्वच्छ झाल्याशिवाय तान्ह्याला घ्यायचं नाही. "हात धुवायचे, बाई! छाती काऊन घासतेस? ते आईचा वास शोधते, अन् तू त्याले साबण देतेस!" वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या. सपनाताईही. तिला आधीच कळलं होतं का? कळून गप्प बसली?

१८ सप्टेंबर

प्यायलं!! ओढलं, थांबलं, श्वास घेतला, पुन्हा ओढलं. गिळल्याचा आवाज मी ऐकला.

सपनाताईने घ्यायला हात पुढे केले. मी दिलं नाही. "आता मीच," म्हटलं. "अवं, मंग काय! तुयंच हाये," म्हणाली आणि पिशवी उचलली. खरं तेच लिहायचं तर — तिचा उतरलेला चेहरा पाहून मला बरं वाटलं.

२० सप्टेंबर

निकेश सेलूला घरी जाऊन आला. सपनाताईची मुलगी आता तिच्या अंगावर पीत नाही. दिवसभर बाटलीची सवय लागली. छातीशी धरलं की तोंड फिरवते, रडते. हे बरेच दिवस चाललंय.

"प्रेरणाले सांगू नोका," असं तिने घरात सगळ्यांना बजावलं होतं.