काळ्या दगडाचं घर

लातूर, मुलींचं होस्टेल

आईच्या पायावर सुकन्याचं डोकं. सत्यम, हे आईला सावकाश वाचून दाखव.

मी मजेत हाय. जेवण बरं असतं, फक्त भाकरी मिळत न्हाई. खाट दाराजवळ ओढून घेतली तर पोरी हसल्या. पण भूकंपापासून आपण दाराशीच झोपतो, मला दुसरीकडं झोपच येत न्हाई.

काल क्लासला सर म्हणाले, इंग्रजीत वर्णन रांगेनंच करायचं. आधी वस्तू कशी वाटते, मग केवढी, किती जुनी, कोणत्या रंगाची, कशाची. आपापल्या घरावर लिहायला लावलं. मी लिहिलं, सुंदर, मोठं, जुनं, काळं, दगडी घर. सर म्हणाले, एकदम बरोबर.

मग धर्माबादची बुशरा पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "एवढं मोठं घर! दिवाळीला मला नेशील?" मी व्हय म्हणून बसले. ते घर भूकंपात पडलं, हे तोंडातून निघालंच न्हाई. आता ती माझ्याशेजारी बसून जेवते.

तुझे गुडघे कसे हायत? शेळी व्याली का?

आई, जुन्या गावात आपला उंबरा अजून दिसतो का? दिसला तर दिवाळीआधी तेवढा झाडून ठेव.

तुझीच,
सुकन्या